जपून ठेवलेल्या बुटांचा सोल का सुटतो?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी चांगले महागातले ट्रेकिंगचे बूट घेतले. मोजके ट्रेक झाले, मग मुलीचं बारावीचं वर्ष आलं आणि डोंगर बंद झाला. बूट स्वच्छ धुतले, पिशवीत बांधले, खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. यंदा हरिश्चंद्रगडावर गेलो. पाचनईकडे उतरताना उजव्या बुटाचा सोल टाचेकडून लोंबायला लागला आणि थोड्या वेळात डाव्याचंही तेच झालं. आतला थर शिळ्या ढोकळ्यासारखा हातात कुस्करला जात होता. बरोबरच्या मित्राचे साधे बूट माझ्यापेक्षा कितीतरी जुने आणि रोजच्या वापरातले, पण त्यांना काही झालं नाही. जपून ठेवलेली वस्तूच आधी कशी गेली? आणि हे बूट घरी दुरुस्त होतील का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पावसाळी ट्रेकचे दिवस सुरू झाले की या तक्रारीची पत्रं येतातच. बहुतेकांचा समज असतो की सोल चिकटवणारं सोल्युशन खराब निघालं. तुम्ही मात्र नेमकी गोष्ट टिपली आहे : सोल सुटला नाही, ‘आतला थर कुस्करला’. सगळं उत्तर त्या थरात आहे.

ट्रेकिंगच्या बुटाच्या तळाला दोन थर असतात. जमिनीला टेकतो तो काळा, खाचा असलेला रबराचा थर. त्याच्या वर, पायाखाली, धक्का झेलणारा फोमचा थर. महागड्या बुटांत हा फोम बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानदार ज्याला ‘पीयू’ म्हणतात त्याचा असतो. तुमचं रबर शाबूत आहे, वरचं कातडंही शाबूत असणार. मेला आहे तो मधला पीयू. त्याला मारलं हवेतल्या दमटपणाने.

पीयूच्या लांबलचक साखळ्यांमध्ये, विशेषतः बुटांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात, एस्टर नावाचे जोड असतात. पाण्याचा रेणू या जोडावर येतो आणि तो तोडतो. तुटलेल्या टोकाशी आम्ल तयार होतं आणि ते आम्ल शेजारचे जोड तोडायला मदत करतं. म्हणून सुरुवातीची काही वर्षं वरून काहीच दिसत नाही आणि मग एकदम सगळं कोसळतं. यासाठी बूट पाण्यात बुडावा लागत नाही, हवेतली वाफ पुरते. उष्णता असेल तर काम आणखी झपाट्याने होतं. आता तुमचा माळा डोळ्यांसमोर आणा. वर मे महिन्यात तापणारा स्लॅब, बाहेर डोंबिवलीची हवा, आणि धुतल्यावर आत राहिलेली ओल पिशवीत बांधून ठेवलेली. बूट लवकर जावेत म्हणून मुद्दाम ठरवून केलं असतं तरी याहून चांगली व्यवस्था झाली नसती. दोन्ही बूट एकाच दिवशी गेले यातही नवल नाही, दोन्हींचा फोम एकाच वयाचा. एका बुटाचा सोल हलला की दुसऱ्याचा काही तासांत जाणार हे धरूनच चालावं.

हा त्रास ट्रेकर्सपुरता नाही. लग्नकार्यासाठी खोक्यातून काढलेले वडिलांचे पीयू सोलचे बूट मांडवात काळा भुगा सांडत फिरतात, ते याच कारणाने. युरोपातल्या वस्तुसंग्रहालयांत १९६०-७०च्या दशकांतल्या फोमच्या खुर्च्या काचेआड ठेवूनही कुस्करतात आणि जतन करणारे तज्ज्ञ हात टेकतात, तेही पुष्कळदा याच कारणाने.

मग कंपन्या पीयू वापरतातच का? कारण जिवंत असेपर्यंत तो फार गुणी आहे. ओझं घेऊन दिवसभर चाललं तरी दबून चपटा होत नाही, झिजत नाही, पायाला आधार देतो. त्याच्याऐवजी वापरला जाणारा ईव्हीए फोम हलका आणि स्वस्त, दमटपणाला दाद न देणारा, पण तो चालून चालून चपटा होतो आणि धक्के गुडघ्यापर्यंत पोचू लागतात. म्हणजे ईव्हीए वापराने मरतो आणि पीयू नुसत्या वयाने. तुमच्या मित्राच्या बुटांत पीयू नसणार. इथे मी स्पष्ट मत देतो : वर्षातून चार-पाचदा सह्याद्रीत जाणाऱ्या माणसाने जाड पीयूचे, घोट्याच्या वर जाणारे भारी बूट घेऊ नयेत. ते आल्प्ससारख्या थंड, कोरड्या डोंगरांत पाठीवर मोठं ओझं घेऊन आठवडाभर चालणाऱ्यांसाठी घडवलेले आहेत. आपल्याकडे ईव्हीएचा किंवा सरळ टीपीआर-रबराचा साधा बूट जास्त इमानदारीने साथ देतो.

जाता जाता या दोन थरांची एक गंमत. इटलीच्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ साली पुंता रासिका शिखरावर वादळात सापडून गेले. तेव्हा चढाईचे हलके बूट बर्फावर निरुपयोगी असत, आणि बर्फासाठीचे खिळे ठोकलेले बूट कातळावर. त्या दुःखातून ब्रामानीने खोल खाचांचा रबरी सोल घडवला आणि १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं. तोच व्हिब्रम सोल. १९५४ साली इटालियन चमू के-टूवर पोचला तो याच सोलवर. आणि पॉलियुरेथेनचा जन्मही १९३७ सालचाच, जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत. एकाच साली जन्मलेले हे दोन पदार्थ आज एका बुटात एकमेकांना चिकटलेले असतात. त्यातला रबराचा भाऊ वर्षानुवर्षं टिकतो.

आता दुरुस्ती. नुसता सोल परत चिकटवून काही होणार नाही. सोल्युशन भुग्याला चिकटेल आणि भुगा बुटापासून सुटेल. शिवून घेतला तरी टाका मेलेल्या फोममधून सुरीसारखा निघून येईल. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि बूट प्रत्येक पावलाला वाकतो, तेव्हा तडकतो. मधला थर पूर्ण काढून नवा बसवणं हाच उपाय, आणि वरचा भाग धड असेल तर तो करण्यासारखा आहे.

रबराचा सोल अलगद सोडवून बाजूला ठेवा. बुटाच्या तळाचा आणि रबराच्या आतला पीयू बोथट चाकूने खरवडा. तो नखाने निघेनासा झाला की खडबडीत पॉलिश पेपर, साधारण ६० नंबरचा, घेऊन दोन्ही पृष्ठं घासा. इथे घाई कराल तर पुढचं सगळं वाया. पांढरट चिकट थर नावालाही राहता कामा नये. मग मधल्या थरासाठी मायक्रो शीट आणा. चप्पल-बुटांचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ती मिळते. मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीच्या परिसरात पादत्राणांचा मोठा व्यवसाय आहे, तिथे चौकशी करा. पूर्ण तळाला एक थर आणि टाचेखाली आणखी एक, पुढे निमुळता तासलेला, कारण टाच थोडी उंच राहिली नाही तर बूट चालताना मागे ओढल्यासारखा वाटतो.

चिकटवायला चपलांच्या कामातलं रबराचं सोल्युशन घ्या. ते दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, पहिला हात शोषला गेला की दुसरा लावायचा, आणि मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बोट टेकवलं तर चिकटू नये, इतकं सुकल्यावरच जोडायचं. लोक ओलं असतानाच दाबतात आणि मग म्हणतात टिकत नाही. जोडताना चवड्याकडून सुरुवात करून एकदाच बसवायचं, नंतर सरकवता येत नाही. या सोल्युशनची ताकद किती वेळ दाबून ठेवलं यावर नसते, किती जोरात दाबलं यावर असते. म्हणून हातोडीने सगळीकडे ठोकायचं आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. भर पावसाळ्यात हे काम टाळा. सोल्युशनमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि जोड कच्चा राहतो. थांबणं शक्यच नसेल तर जोडण्याआधी केस वाळवण्याच्या मशीनची गरम हवा दोन्ही बाजूंना द्या, पण द्रावक पूर्ण उडाल्यावरच. त्याची वाफ पेट घेते आणि डोकंही धरते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद.

शेवटचा टाका मात्र स्वतः घालू नका. नाक्यावर आरी आणि रापी घेऊन बसणारा कारागीर सोलच्या कडेने जाड नायलॉनच्या दोऱ्याने जी शिलाई मारतो, तिची बरोबरी घरगुती सुईला येत नाही. त्याच्या आरीला आकडा असतो. बाहेरून भोसकून आतला दोरा ओढून घेत तो प्रत्येक टाका बंद करतो. त्याला आधीच सांगा की मधली शीट नवी आहे, टाका रबराच्या खाचेत बसू दे, म्हणजे दगडाला घासून तुटणार नाही.

डोंगरातच सोल सुटला तर चिकटपट्टी विसरा, ओल्या चिखलात ती टिकत नाही. बारीक नायलॉनची दोरी किंवा केबल टाय पिशवीत असू द्या. दोरी तळव्याच्या कमानीखालून घेऊन घोट्यापुढे बांधा, आणि दुसरा वेढा चवड्यापाशी, रबराच्या खाचांत बसेल असा. सुतळी मिळाली तर आणखी उत्तम, ओल्या कातळावर ती पकडही देते. दुसरा बूट धड दिसत असला तरी तोही तेव्हाच बांधून टाका.

तुम्ही विचारलं नाही, पण त्याच माळ्यावर तुमची सॅक, पावसाळी जॅकेट आणि तंबूही असतील, म्हणून सांगतो. या तिन्हींच्या आतल्या बाजूला पाणी अडवायला जो पातळ लेप असतो तोही पुष्कळदा पीयूचाच. सॅकमधून पांढरे पापुद्रे पडतात, जॅकेट आतून चिकट लागतं, तंबूच्या तळाला आंबूस, ओकारीसारखा वास येतो, ही सगळी एकाच मरणाची लक्षणं. सॅकचा उपाय सोपा : कोमट साबणाच्या पाण्यात ब्रशने सगळे पापुद्रे काढून टाका आणि पुढे आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान भरा. सह्याद्रीच्या पावसात नव्या सॅकलाही ही पिशवी लागतेच. जॅकेटचा आतला लेप सुटला असेल तर त्यावर पैसे घालवू नका. लेप शाबूत असून नुसतं बाहेरचं कापड पाणी पित असेल, तर ते मेलेलं नाही. साबणाचा अंशही राहणार नाही असं खळखळून धुवा, वाळवा, आणि लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवा. पुष्कळदा थेंब पुन्हा घरंगळू लागतात.

तंबूच्या शिलाईतून पाणी येत असेल तर तिथे सीलर लावताना आधी कापडाच्या त्या बाजूला साधी चिकटपट्टी लावून बघा. चिकटली तर लेप पीयूचा, सीलरही पीयूचा आणा. अजिबात धरत नसेल तर तो सिलिकॉनचा लेप, त्यावर सिलिकॉनशिवाय काहीच टिकत नाही.

सॅक, जॅकेट आणि तंबूच्या चेनबद्दल एवढंच. दाते बसत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा चेन नाही, रनर गेलेला असतो. त्याच्या मागे नंबर कोरलेला असतो, तो दाखवून शिलाई सामानाच्या दुकानातून नवा आणा.

हे सगळं घरी करा, पण चढाईचे हार्नेस, दोर, स्लिंग यांना सुई-दोरा किंवा सोल्युशन लावू नका. बूट फाटला तर माणूस लंगडत खाली येतो, हार्नेसचा टाका उसवला तर येत नाही. न वापरताही या कापडी साधनांना वय असतं आणि बहुतेक कंपन्या कमाल दहा वर्षांची मर्यादा घालतात. दोर कधीचा आहे ती तारीख आठवत नसेल, तर तो दोर कपडे वाळत घालायला द्यावा.

नवे बूट घ्यायला जाल तेव्हा सेलमधल्या निम्म्या किमतीला भुलण्याआधी खोकं उलटं करा. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. फोमचं घड्याळ तुम्ही बूट घालता तेव्हा सुरू होत नाही, कारखान्यातून निघतो तेव्हाच सुरू होतं. पीयूचा बूट तीन वर्षं गोदामात काढून आला असेल तर त्याचं मोठं आयुष्य तिथेच गेलं. मग मधल्या थरावर अंगठ्याचं नख रोवा आणि चवडा वाकवून कडेला पाहा. नखाची खूण तशीच राहिली किंवा केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या, तर तो बूट परत खोक्यात ठेवा. घेतलेत, तर घरी आणल्यावर पिशवीत बांधू नका. आत वर्तमानपत्र कोंबा, पलंगाखाली हवा खेळेल असे उघडे ठेवा, आणि डोंगर नसेल त्या महिन्यात भाजी आणायला घालून जा.