लोगोच्या आडून आलेली नोटीस

पोत्यावर पन्नास किलो छापलेलं आणि काट्यावर अठ्ठेचाळीससुद्धा भरत नाही, एवढंच आमच्या मासिकाने लिहिलं. डेअरीच्या काट्यावर, दूध घालायला आलेल्या शेतकऱ्यांदेखत, शिवण न उसवलेली पशुखाद्याची पोती एकेक करून ठेवली आणि त्याचा फोटो मुखपृष्ठावर घेतला. कंपनीचा लोगो त्यात दिसणारच. पोतं तिचंच होतं.

अंक बाहेर पडला आणि दिल्लीच्या वकिलांची नोटीस आली. विनापरवानगी ट्रेडमार्क वापरलात, सात दिवसांत उरलेले अंक नष्ट करा, माफी छापा, नाहीतर दोन कोटींचा दावा लावू. ती पुन्हा पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आलं की पोत्यांचं वजन बरोबर होतं असं तिच्यात कुठेच म्हटलेलं नाही. बदनामीचा दावा लावला असता तर खरं-खोटं कोर्टात निघालं असतं, पोती पुन्हा काट्यावर चढली असती. ते नको होतं, म्हणून लोगो पुढे केला. भीती तिथेच संपली. संताप मात्र अजून उतरलेला नाही.

त्याहून वाईट म्हणजे नोटिशीची प्रत छापखान्याला आणि वितरकालाही गेली. छापखान्याचे मालक जुने संबंधातले. म्हणाले, "भाऊ, तुमचं खरंच असेल, पण मला कोर्टाची पायरी चढायला लावू नका." त्यांना काय बोलणार? कोणत्याही न्यायाधीशासमोर कागद न जाता आमचा पुढचा अंक अडकला. कंपनीला हवं होतं ते टपालखर्चात मिळालं.

कायदा एवढा एकतर्फी नाही. ओडिशातलं धामरा बंदर आणि तिथली ऑलिव्ह रिडले कासवं यांवरून ग्रीनपीसने टाटांच्या नावाचा आणि लोगोचा वापर करून एक ऑनलाइन खेळ काढला होता. टाटा सन्सने दहा कोटींचा दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये अंतरिम मनाई नाकारली. टीकेसाठी, अगदी हल्ला चढवण्यासाठी चिन्ह वापरलं, तरी तेवढ्याने ट्रेडमार्कचा भंग होतोच असं नाही, असं न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी त्या निकालात म्हटलं. आमच्या वकीलसाहेबांनी उत्तरात हाच निकाल घातला. सोबत ट्रेडमार्क कायदा, 1999 चं कलम 30 (माल कोणाचा हे ओळखण्यासाठी प्रामाणिकपणे नाव वापरता येतं) आणि कलम 142. निराधार धमकी देणाऱ्यावर आपणच दावा लावू शकतो, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. अर्थात कंपनीने तत्परतेने खरोखर दावा ठोकला, तर 142 चा आधार उरत नाही.

कोणावर ही पाळी आली तर आधी कॅव्हेट दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148-अ. म्हणजे आपल्याला न ऐकता मनाईहुकूम सहज निघत नाही. ते नव्वद दिवसच चालतं, मुदत संपली की नव्याने करा. फक्त आपल्या जिल्ह्यात करून थांबू नका, कारण कलम 134 मुळे कंपनी स्वतःच्या गावच्या कोर्टातही जाऊ शकते. वजनाचा पंचनामा, बिल, पोत्यावरचा बॅच नंबर, काट्याच्या पडताळणीचा दाखला, सगळं जपा. एक पोतं न उघडता ठेवा. लोगोत खाडाखोड करू नका, आहे तसा दिसू द्या. धीर धरा, चांगला वकील गाठा. "नुसती दिलगिरी लिहून द्या, प्रकरण मिटवतो" असा गोड फोन येईल. आम्हालाही आला होता. अशा कागदावर सही करू नका, उद्या तोच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून काढतील. आणि टीकेचा अंक छापायला देण्याआधीच छापखान्याला लेखी कळवा की मजकुराची जबाबदारी आमची. त्याने त्यांची कायदेशीर जबाबदारी टळत नाही, पण नोटीस आली की माणूस एकदम हबकत नाही.

आमच्या उत्तरानंतर कंपनीकडून अक्षर नाही. दावा नाही, वजनाचा खुलासाही नाही. पोती त्याच दराने विकली जातायत, आणि आम्ही अंक दुसऱ्या जिल्ह्यातून, जास्त पैसे मोजून छापून आणतो.