कन्सोल की पीसी: सात वर्षांचा हिशेब

प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीला आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी. डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये आणि डिस्क ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल एडिशनची जाहीर किंमत ३९,९९०. त्याच महिन्यात एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक कार्ड ३२९ डॉलरला बाजारात आणलं. पण तेव्हा इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगसाठी कार्डांची पळवापळव चालली होती, त्यामुळे त्या किमतीला ते फारसं कुणाच्या हाती लागलंच नाही. ‘कन्सोल स्वस्त, पीसी महाग’ हे अनेक घरांत पक्कं बसलं ते त्या दिवसांत.

माझ्या भाच्याने पुढे डिजिटल एडिशन घेतला आणि त्याच्या मित्राने पीसी असेंबल करून घेतला. दोघांची बिलं मी जवळून पाहत आलो आहे. आता कुणी आई-वडील किंवा नुकताच कमवू लागलेला मुलगा सल्ला विचारायला आला, की मी त्यांना पहिल्या दिवशीची किंमत बाजूला ठेवायला सांगतो.

भाच्याचे खरेदीच्या दिवशी दहा हजार वाचले. पण सोनीच्या स्वतःच्या मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये. डिस्कवाला ती डिस्क पुरी करतो, महिनाभरात विकतो किंवा मित्राशी बदलून घेतो, अर्ध्याहून जास्त पैसे परत येतात. डिजिटल खरेदी अकाउंटला बांधलेली. ती विकता येत नाही, बदलता येत नाही आणि दुकान एकच, सोनीचं. त्यामुळे वाचलेले दहा हजार पहिल्या तीन-चार गेममध्येच संपले, आणि मित्रांच्या डिस्क घरात येऊनही त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता.

दुसरा खर्च वर्गणीचा. प्लेस्टेशन ४ पासून, म्हणजे २०१३ पासून, बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस घ्यावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या वार्षिक दरात मोठी वाढ झाली. अमेरिकेत सर्वांत साधा वर्षाचा प्लॅन ६० वरून ८० डॉलरवर गेला, भारतात तो ३,९४९ रुपये झाला. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ही वर्गणी लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. घरातला मुलगा फक्त तेवढंच खेळत असेल तर हा खर्च आजच बंद करता येईल. पीसीवर ऑनलाइन खेळण्याचे वेगळे पैसे सहसा कुणी मागत नाही.

थांबलं की कन्सोल स्वस्त होतो, हा जुना ठोकताळाही आता चालत नाही. प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला आला आणि २०१६ पर्यंत २९९ वर उतरला. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत उलटं झालं. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ५४,९९० वर गेला, अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास डॉलरने वाढला.

म्हणून पीसी घ्यावा का? त्या मित्राचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. बजेट ग्राफिक कार्डावरच संपलं, तेव्हा दुकानदाराने कॅबिनेटसोबत येणारा बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बसवून दिला. यूपीएस ‘नंतर बघू’ म्हणून राहिला. एका पावसाळ्यात दिवसातून तीन-तीनदा लाइट जात होती, आणि एकदा लाइट परत आली ती करपट वास घेऊनच. कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डवर पॉवरची जाड पिन बसते तिथे तपकिरी डाग पडला होता आणि शेजारच्या कपॅसिटरांची डोकी फुगली होती. कार्ड वाचलं, मदरबोर्ड आणि प्रोसेसर गेले. एसएमपीएसवर वाचवलेल्या दोन-अडीच हजारांपायी वीस हजारांच्या वर खड्डा पडला. पीसी घेणाऱ्याने कार्ड एक पायरी खालचं घ्यावं, पण एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा, आणि यूपीएस त्याच बिलात घ्यावा.

आता आकडे मांडू. वर्षाला तीन मोठे नवे गेम, सगळे पूर्ण किमतीला, असं धरलं तर सात वर्षांत गेमचेच १,०४,९७९ रुपये होतात. वर्गणीचे २७,६४३, यंत्राचे सुरुवातीच्या किमतीने ४९,९९०. बेरीज १,८२,६१२. म्हणजे ज्या किमतीवर घरात महिनाभर चर्चा होते, ती एकूण खर्चाच्या पाव हिश्शाहून थोडीच जास्त.

पीसीला मॉनिटर आणि यूपीएससह ८५,००० आणि पाचव्या वर्षी नव्या कार्डाला ३०,००० धरा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती आहेत आणि सेल लागले की वर्ष-दोन वर्षं जुने गेम निम्म्याहून खाली येतात. एका गेमला सरासरी १,२०० धरले तर सात वर्षांत २५,२००. विजेचं बिलही धरायला हवं. रोज दोन तासांचा खेळ, कन्सोल साधारण २०० वॉट, मध्यम पीसी ३५० वॉट, युनिटला १० रुपये धरले तर पीसीचे वर्षाला अकराशे जास्त जातात. घर वरच्या स्लॅबमध्ये गेलं तर आणखी. तरीही एकूण दीड लाखाच्या आत.

पण डिस्कवाला कन्सोल घेतला, गेम विकत-बदलत राहिलं आणि दर गेममागे निव्वळ दीड हजारच खर्च झाले, तर तीच बेरीज वर्गणीसह १,०९,००० च्या आसपास येते. ऑनलाइन खेळायचंच नसेल तर ऐंशी-ब्याऐंशी हजार. माझ्या मते इथेच निर्णय होतो. नवा गेम आला त्या आठवड्यात हवाच असतो, एकच गेम वर्षभर पुरतो, की सेलची वाट पाहता येते, हे आधी ओळखावं आणि मग यंत्र निवडावं.

घरात अभ्यासाला किंवा कामाला कॉम्प्युटर लागणारच असेल, तर पीसीच्या किमतीतला तो भाग खेळाच्या खात्यावर टाकणं चुकीचं आहे. मात्र जुन्या पीसीवर ग्राफिक कार्ड चढवण्याआधी एक तपासावं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीच्या मशीनवर पंचवीस हजारांचं कार्ड घालणाऱ्याला थोड्याच दिवसांत मदरबोर्ड आणि प्रोसेसरही बदलावा लागेल. रॅमही आता स्वस्त राहिलेली नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे तिचे भाव चढले आहेत.

सेकंड हँड कार्ड घेणाऱ्यांसाठी शेवटचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली बरीच आजही हातोहात फिरत आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीतून घ्या, मूळ बिल मागा, सिरियल नंबर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का बघा, आणि विकणाऱ्यासमोर कार्ड बसवून अर्धा तास जड गेम चालवा. पंखा खरखरत असेल, स्क्रीनवर ठिपके येत असतील किंवा विकणारा चालवून दाखवायलाच तयार नसेल, तर पैसे खिशातच ठेवून निघावं.