पित्ताशय निघालं, नियम तेच राहिले

वजन कमी करण्याची (बेरिॲट्रिक) शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया, या दोन्हींतून मी गेले आहे. याच क्रमाने जाणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते: दुसऱ्या ऑपरेशननंतरही तुम्ही आधी बेरिॲट्रिक पेशंट असता, पित्ताशयाचे पेशंट त्यानंतर. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा ती भारतातली पहिलीच अशी शस्त्रक्रिया होती. आज ती इतकी सरावाची झाली आहे की ‘दोन दिवसांत घरी, आठवड्यात कामावर’ हे वाक्य जो तो ऐकवतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. फक्त त्या बहुतेकांचं जठर शाबूत असतं. ज्यांचं जठर कापून लहान केलं आहे (स्लीव्ह) किंवा आतड्याचा रस्ता बदलला आहे (बायपास), त्यांच्या जखमा तेवढ्याच दिवसांत भरतात. पण खाणं, औषधं आणि पोटदुखीचा अर्थ या तिन्ही बाबतींत त्यांचे नियम वेगळे असतात.

पित्ताशय काढावं लागतं ते त्यातल्या खड्यांमुळे. हे खडे मुळात होतात कसे, ते आधी समजून घ्यायला हवं. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा शरीरातल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल यकृतामार्गे पित्तात येतं. त्याच काळात खाणं थोडं आणि स्निग्ध पदार्थ अगदीच कमी असतात, म्हणून पित्ताशय पुरेसं आकुंचन पावत नाही. दाट झालेलं पित्त साचून राहतं आणि खडे धरतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत बायपासनंतर सहा महिन्यांत, औषध न घेतलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांत खडे आढळले. रोज ६०० मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड घेणाऱ्यांत मात्र २ टक्केच. यावर कोणी विचारेल, मग पहिल्याच ऑपरेशनमध्ये पित्ताशय का काढून टाकत नाहीत? कारण बहुतेक खडे मुकाट राहतात. नेदरलँड्समधल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांत खड्यांचा प्रत्यक्ष त्रास झाला तो औषधाविना ९.७ टक्के आणि औषध घेऊन ६.५ टक्के लोकांना. म्हणजे सरसकट सगळ्यांचं पित्ताशय काढलं तर दहांतल्या नऊ जणांचं विनाकारण निघेल. तेव्हा डॉक्टरांचा थांबण्याचा निर्णय रास्तच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की, पुढेमागे दुसरं ऑपरेशन लागू शकतं हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, आणि जे आधीच माहीत आहे त्याची तयारीही आधीच करता येते.

पहिली गडबड होते ती स्वयंपाकघरात. पित्ताशय काढलेल्या माणसाला तेल-तूप नको, म्हणून प्रेमाने पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, फळांचा रस, चहा-बिस्किटं पुढे केली जातात. बायपास झालेल्याने गोड रस प्यायला तर साखर थेट आतड्यात उतरून घाम, धडधड आणि जुलाब सुरू होऊ शकतात. शिवाय चिमूटभर जागेत पेज भरली की प्रथिनांना जागाच उरत नाही. बेरिॲट्रिक पेशंटला रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. जखम भरून येण्याच्या दिवसांत त्यात कपात परवडत नाही. त्यापेक्षा गाळलेलं मुगाचं कढण, सायीविना दही, पातळ ताक, अंड्याचा पांढरा भाग आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर थोडी थोडी घ्यावी. स्निग्ध पदार्थ कायमचे बंद करणंही चूकच. पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशय गेल्यावरही होतच राहतं. फरक एवढाच की ते साठत नाही, सतत झिरपतं. म्हणून एकदम खूप तेलकट पचत नाही, पण दिवसभरात विभागून घेतलेलं थोडं तूप बहुतेकांना चालतं. ते हवंही, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धतेबरोबरच शोषली जातात आणि बायपासनंतर त्यांचा तुटवडा आधीच असू शकतो. जुलाब थांबत नसतील तर पित्त बांधून ठेवणारं कोलेस्टिरामिन डॉक्टर देतात. ते हीच जीवनसत्त्वं आणि इतर औषधंही अडवतं, म्हणून बाकीच्या गोळ्यांच्या वेळा विचारूनच ठरवाव्यात.

औषधांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी सर्रास लिहून दिली जाते. बायपासच्या जोडावर या गोळ्यांनी व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून दुसरा पर्याय मागावा. उलट्या वारंवार होत असतील तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्याने संपतं, आणि ते भरून न काढता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे नातेवाइकांनाही ठाऊक असलं पाहिजे, कारण तशा वेळी पेशंट बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही.

‘पित्ताशयच गेलं, आता दुखेल कशाने?’ हा तर सगळ्यांत महागात पडणारा समज. खांद्यात दोन-तीन दिवस दुखणं हे ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे असतं आणि चालण्याने ते ओसरतं. पण ताप, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा वाढत जाणारी कळ हे पित्तगळतीचं किंवा नलिकेत राहिलेल्या खड्याचं लक्षण असू शकतं. स्लीव्ह झालेल्यांचा असा खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. बायपासमध्ये तो रस्ता बदललेला असल्याने वेगळी तयारी लागते. शिवाय वजन उतरल्यावर बायपासच्या आतल्या फटीत आतडं अडकू शकतं. त्याची कळ खड्यांच्या कळेसारखीच वाटू शकते, आणि उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. एवढी भीती कशाला घालायची, असं कोणी म्हणेल. बहुतेकांना यातलं काहीच होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ज्याला होतं त्याच्या बाबतीत तासांचा प्रश्न असतो, आणि समोरच्या डॉक्टरला पहिल्या ऑपरेशनची माहिती नसेल तर तेच तास वाया जातात.

म्हणून दुसऱ्या ऑपरेशनला जाताना पहिल्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, दोन्ही सर्जनांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि घरी येताना खाण्याची व औषधांची यादी बेरिॲट्रिक डॉक्टरांकडून तपासून घ्या. पोटात सतत दुखत राहिलं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका. त्याच दिवशी बेरिॲट्रिक डॉक्टरांना गाठा.