सफाई घरी, मोजणी यंत्रावर : जुन्या गाडीच्या इंजेक्टरबद्दल अनुभवाचे बोल

आमची जुनी वॅगन-आर रीपासिंग होऊन अजून रोज धावते. अशा पेट्रोल गाड्या पुण्यात घरोघरी आहेत. इंजिन दणकट असतं, पण सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो, सिग्नलला गाडी थरथरते, मिसिंग करते, ॲव्हरेज पडतं. गॅरेजमध्ये सांगतात, ‘इंजेक्टर गेले, चारही बदला.’ चार नव्या इंजेक्टरांचा खर्च या वयाच्या गाडीला जड जातो. आधी माझ्या आणि मग मित्रांच्या गाड्यांचे इंजेक्टर मी घराच्या अंगणात दुरुस्त करत आलो. त्यातून जे हाती लागलं, ते कामाच्या क्रमाने मांडतो. काटकसर कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, एवढं ज्याला कळलं त्याला हे काम जमतं.

१. आधी दोष इंजेक्टरचाच आहे का ते पाहा.
झिजलेला स्पार्क प्लग, दमलेली इग्निशन कॉइल, फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा कमी दाब देणारा पेट्रोल पंप यांचीही लक्षणं अशीच असतात. इंजिन चालू असताना लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाजवळ धरा. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून मात्र लांब राहा. चारही इंजेक्टरांची टिकटिक सारखी ऐकू आली, तर विजेची बाजू बहुधा ठीक आहे. मग इंजिन बंद करून, कनेक्टर काढून मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजा. आपल्याकडच्या बहुतेक साध्या एमपीएफआय गाड्यांत तो १२ ते १६ ओम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली आहे. तो इंजेक्टर कितीही धुतला तरी चालणार नाही. ही तपासणी जवळजवळ फुकट होते आणि बऱ्याचदा काम इथेच संपतं.

२. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शनला घरी हात लावू नका.
मी सांगतो ते फक्त मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या साध्या इंजेक्टरांबद्दल. तिथे दाब साधारण ३ बार असतो. कॉमन रेल डिझेलमध्ये तोच दाब १,६०० बार आणि त्याहून पुढे जातो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची वेळ आणते. शिवाय तिथे बऱ्याच इंजेक्टरांचा कोड ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, द्यावा लागतो. ते काम डिझेल लॅबचं आहे.

३. पेट्रोलच्या वाफेचा धाक कायम ठेवा.
उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून बंद पार्किंगमध्ये, गॅस गिझरजवळ किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हे काम करायचं नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. दाब उतरवूनही रेल सोडताना थोडं पेट्रोल सांडतंच, त्यासाठी खाली फडकं ठेवा. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी हवं. बजेटमधली पहिली खरेदी तीच.

४. बाहेर काढण्यापूर्वी साफ करा, काढताना नंबर घाला.
इंजेक्टरच्या बुडाशी वर्षानुवर्षांची धूळ आणि तेलाचा थर साचलेला असतो. तो आधी ब्रशने आणि हवेने काढला नाही, तर इंजेक्टर निघताच सगळी घाण मॅनिफोल्डमध्ये पडते. कनेक्टर वायरला धरून ओढू नका. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, आधी त्याची क्लिप सोडवा. निघालेल्या प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा नंबर लिहा आणि उघड्या भोकांत स्वच्छ कापड घाला. पुढे मोजणीत एखादा इंजेक्टर कमी भरला, की त्याच नंबरच्या प्लगचा रंग पाहता येतो आणि निदान पक्कं होतं.

५. आत काय बदलता येतं ते आधी समजून घ्या.
इंजेक्टरचा धातूचा देह कारखान्यात दाबून कायमचा बंद केलेला असतो. आतली कॉइल, स्प्रिंग आणि सुई घरी सुटी होत नाहीत. आपल्या हातात असतं ते एवढंच : वरच्या तोंडातला जाळीचा बारीक फिल्टर, वरची-खालची ओ-रिंग आणि काही मॉडेलमध्ये टोकाची प्लास्टिकची टोपी व वायसर. या भागांचं किट घेताना जुना इंजेक्टर खिशात घेऊन नाना पेठेत जावं आणि माप लावूनच घ्यावं. जुना फिल्टर काढायला त्यात बारीक स्क्रू दोन-तीन आटे फिरवायचा आणि पकडीने सरळ वर ओढायचा. स्क्रू खोल गेला तर आतल्या भागाला इजा होते. टोकाची टोपी धड असेल आणि किटमध्ये नवी नसेल, तर तिला हात लावू नका.

६. रबरात पैसे वाचवू नका.
साध्या नायट्राइल रबराची ओ-रिंग स्वस्त पडते आणि दिसते अगदी तशीच. पण आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यात वर्षानुवर्षं टिकायचं तर व्हिटॉनची रिंग हवी. दुकानदाराला व्हिटॉन असं नाव घेऊनच सांगा. ही रिंग तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर ३ बार दाबाचं पेट्रोल अडवून धरते. ती चिरली तर गाडी पेटू शकते. जुनी रिंग ‘चांगली दिसते’ म्हणून परत बसवणं मला कधीच मान्य नाही.

७. सफाईत घाई आणि जोर, दोन्ही टाळा.
गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या उष्णतेने इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, लाखेसारखा थर उरतो. तो तार किंवा सुई घालून खरवडू नका. भोकं इतकी बारीक असतात, की एक ओरखडासुद्धा फवाऱ्याची दिशा बदलतो. टोक कार्ब क्लीनरमध्ये भिजू द्या. चष्मे-दागिने धुण्याची छोटी अल्ट्रासॉनिक टाकी मिळाली तर उत्तम; त्यात योग्य साबणी द्रावण घाला आणि कनेक्टरची बाजू वर, कोरडी ठेवा. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर त्या टाकीत कधीही ओतू नका.

नुसतं भिजवून आतली बैठक साफ होत नाही. त्यासाठी सुई उघडझाप झाली पाहिजे. टाकीत इंजेक्टर उभा असताना त्याला वीज थांबून थांबून द्यायची. तापकीर गल्लीतल्या सुट्या भागांतून ५५५ आयसीचं साधं पल्स सर्किट जुळवता येतं. १२ व्होल्ट सलग धरून ठेवले तर कॉइल तापून जळते. मीटरवर २-३ ओम दाखवणाऱ्या इंजेक्टरला १२ व्होल्ट थेट द्यायचेच नाहीत. आणखी एक कडक नियम : कार्ब क्लीनरचा फवारा आणि विजेची जोडणी एका जागी, एका वेळी नको. तार लावताना उडणारी छोटी ठिणगी पुरेशी असते. नवा फिल्टर सफाई संपल्यावरच बसवायचा, म्हणजे आतली घाण उलट्या दिशेने बाहेर पडायला वाट मोकळी राहते.

८. मोजणीशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.
चकचकीत इंजेक्टर चांगला असेलच असं नाही. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर सिक्वेन्शियल पद्धतीत, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा, प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो, आणि दर वेळी जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद. एवढ्याशा वेळात एकाने कमी आणि दुसऱ्याने जास्त पेट्रोल सोडलं, की इंजिन थरथरतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. अंगणात पेट्रोलचा फवारा बाटलीत सोडून मोजण्याचा प्रयोग मात्र करू नका; हवेत उडालेलं पेट्रोल हा स्फोटाचा मसाला आहे.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे : सफाई घरी, मोजणी गॅरेजच्या टेस्टिंग मशीनवर. ‘फक्त टेस्ट करून द्या’ म्हटलं तर थोडक्या पैशांत काम होतं. तिथे उभं राहून तीन गोष्टी पाहा. चारही नळ्यांतली पातळी सारखी आहे का. ५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर मी समाधानी असतो. फवारा चारही इंजेक्टरांचा सारखाच पडतो का, की एखाद्याची एकच धार लागते. आणि दाब असताना, वीज नसताना टोकाशी थेंब जमतो का. दुसऱ्या सफाईनंतरही थेंब गळत असेल किंवा देहाच्या सांध्यातून पाझर असेल, तर तो इंजेक्टर काढून टाका. बदली घेताना पार्ट नंबर तंतोतंत जुळला पाहिजे.

९. बसवताना शेवटची पाच मिनिटं सर्वांत मोलाची.
भोकांतलं कापड आठवणीने काढा. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हलका हात द्या, इंजेक्टर सरळ दाबत, किंचित फिरवत बसवा. रेलचे बोल्ट आळीपाळीने आवळा. मग कनेक्टर आणि पंपाचा फ्यूज किंवा रिले परत लावा, बॅटरी जोडा, चावी दोन-तीन वेळा फक्त ऑन-ऑफ करा, म्हणजे पंप दाब भरेल. इंजिन लगेच सुरू करू नका. टॉर्च घेऊन प्रत्येक रिंगेभोवती पाहा, कोरडं फडकं फिरवा. जराही ओल दिसली तर पुन्हा सोडा.

१०. घाण येते कुठून, तेही सुधारा.
जुना पेट्रोल फिल्टर तसाच ठेवून साफ इंजेक्टर बसवले तर कष्ट वाया जातात. इथेनॉल ओलावा ओढून घेतं; कोकणातल्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त जाणवतं. टाकीतलं पेट्रोल अगदी तळाला जाऊ देऊ नका आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी इंजिन नीट तापेपर्यंत चालवा.

हे काम घरी करण्याजोगं आहे, असं माझं ठाम मत आहे. पैसे वाचतात ते मजुरीत आणि विनाकारण फेकल्या जाणाऱ्या पार्टमध्ये. रबर, मोजणी आणि आगीपासूनचं संरक्षण या तीन ठिकाणी मात्र पूर्ण पैसे मोजा. त्याची तयारी नसेल, तर गाडी सरळ चांगल्या मेकॅनिककडे न्या. आणि तयारी असेल, तर ‘चारही बदला’ हे ऐकून लगेच पाकीट उघडण्याआधी एकदा मल्टिमीटर लावून पाहा.