कोंकणांतून मॉरिशसला

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या दापोलीच्या आसपास असें घर विरळाच, कीं ज्यांतील कोणी ना कोणी मुंबईस नाहीं. सणाला चाकरमानी येतो व सण सरतांच परत जातो. ह्या ये-जा करण्याची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, जे गेले ते परत आलेच नाहींत, अशांचें स्मरण आपणांस राहत नाहीं. त्यांपैकीं कांहींची हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

मॉरिशस हें हिंदी महासागरांतील एक लहानसें बेट. तेथें उंसाचे मोठे मळे होते व त्यांत गुलाम राबत. इंग्रजी राज्यांतील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ सालीं झाला व मॉरिशसमध्यें तो १८३५ सालीं अंमलांत आला. मळेवाल्यांस मजूर हवे होते. त्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली, आणि १८३४ पासून करारानें बांधलेले मजूर तेथें जाऊं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख लोक गेले. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून गेले. परंतु मुंबई बंदरांतूनहि हजारों गेले व त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ होते.

ते कां गेले? आपली जमीन डोंगराळ व कातळाची. पाऊस उदंड, पण तो मातीहि वाहून नेतो. नाचणी-वरी पिकवून व खोताचा वांटा देऊन जें उरे, त्यांत वर्ष निघत नसे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ सालीं चालू झाली. त्यापूर्वीं तोहि आधार नव्हता.

करार पांच वर्षांचा असे. आरंभींच्या करारांत पुरुषास दरमहा पांच रुपये व शिधा मिळे. हें ऐकावयास बरें वाटे. परंतु पुढें असा नियम झाला कीं, परवानगीवांचून एक दिवस चुकला तर दोन दिवसांची मजुरी कापावी. महिन्यांत सहा दिवस चुकले तर हातीं काय उरे, याचा हिशेब तुम्हीच करून पहा.

करार संपल्यावर कांहीं परतले. पुष्कळ तेथेंच राहिले. व्हाक्वा, कास्काव्हेल इत्यादि ठिकाणीं मराठी वस्ती झाली. गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते, आणि आपल्या जाखडीस तेथें झाकरी म्हणतात. घरांत आतां क्रिओल भाषा चालते, तरी मुलें शाळेंत मराठी शिकतात. ज्या घाटावर हे लोक उतरत, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्य झाला.

असें इतर देशांतहि घडलें आहे. चेक देशांतील थोर शिक्षक कोमेनियस यांस धर्ममतासाठीं १६२८ सालीं मायभूमि सोडून पोलंडांतील लेश्नो गांवीं आपल्या बांधवांसह रहावें लागलें. १६५६ सालीं तें गांव जळालें व त्यांचीं हस्तलिखितेंहि गेलीं. तरी त्यांनीं लेखणी ठेविली नाहीं; दोनच वर्षांनीं त्यांचें मुलांसाठीं चित्रमय पुस्तक छापून निघालें. ते १६७० सालीं अॅम्स्टरडॅम येथें वारले. मायभूमि पुन्हां दिसली नाहीं. त्यांस विवेकानें बाहेर नेलें, आपल्या लोकांस पोटानें. परंतु परक्या भूमींत भाषेचा धागा दोघांनींहि सोडला नाहीं.

मॉरिशसमधील मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत ह्या मजुरांचीं जुनीं दप्तरें जपलेलीं आहेत. त्यांत नांव, बापाचें नांव, वय, गांव अशा नोंदी आहेत. वंशज तेथें जाऊन आपलें मूळ गांव शोधतात. परंतु लिहिणारा परका, सांगणारा निरक्षर. मग गांवाचें नांव असें कांहीं उतरे कीं तें ओळखूं येत नाहीं. दोर तिकडे आहे, पण इकडचें टोंक कोणीं धरावें?

तें टोंक आपल्या हातीं आहे. सुटींत आजोबा-आजींजवळ बसा. आपल्या घराण्यांतून कोण, कोणत्या सालीं व कोठें गेलें, तें विचारा व वहींत गांव-वाडीसह स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलांस हें सांगावयास कंटाळूं नये. विसरलेला मनुष्य दुसऱ्यांदा परदेशीं जातो. त्यास घरीं आणण्यास एवढी वही पुरे.