नफा आधीं कीं गिऱ्हाईक आधीं?

व्यापार म्हणजे देवघेव. एकाजवळ माल असतो, दुसऱ्यास त्याची गरज असते. आणि दोघांचेंही हित साधलें तरच तो व्यवहार पुन्हां घडतो. व्यापारी नफ्याकरितां व्यापार करतो, यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, नफा व गिऱ्हाइकाचें समाधान या दोहोंत विरोध उत्पन्न झाला असतां कंपनीनें अग्रमान कोणास द्यावा? याचें उत्तर शोधण्यास आपणांस नागपूर सोडून दूर जावयास नको.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांनीं इ. स. 1874 मध्यें 15 लक्ष रुपये भांडवलाची एक कंपनी काढून नागपुरांत कापडाची गिरणी उभारण्याचें ठरविलें. त्या काळीं गिरण्या म्हटल्या कीं मुंबई, अशी समजूत होती. परंतु कापूस येथें अगदीं हाताशीं, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि आगगाडीची सोय झालेली, हें जमशेटजींनीं हेरलें. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनीं भरून काढली. तें पाहून येथील एका सावकारानें पैसा देण्याचें साफ नाकारलें. हा गृहस्थ मातींत सोनें पुरीत आहे, असें त्यास वाटलें. 1 जानेवारी 1877 रोजीं गिरणी सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीनें हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याची घोषणा झाली. म्हणून गिरणीस 'एम्प्रेस' हें नांव मिळालें.

आरंभीं खर्च वांचविण्याच्या हेतूनें कमी किंमतीचीं यंत्रें घेण्यांत आलीं होतीं. त्याचा परिणाम लवकरच दिसला. सूत हलकें निघूं लागलें व उत्पन्नही बेताचेंच राहिलें. सुताचें गिऱ्हाईक कोण, याचा येथें विचार करावा. तें गिऱ्हाईक म्हणजे मागावर बसणारा विणकर. सूत कच्चें असलें कीं ताणा पुनःपुन्हां तुटतो. प्रत्येक तुटलेला धागा सांधण्यांत वेळ जातो, आणि हातावर पोट असणाऱ्या माणसाचा वेळ म्हणजे त्याची भाकरी. गिरणीनें यंत्रांत वांचविलेला पैसा अशा रीतीनें विणकराच्या घरांतून वसूल होत असतो. असा विणकर तक्रार करीत बसत नाहीं. तो पुढच्या वेळीं दुसऱ्या गिरणीचें सूत घेतो.

जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनीं हें ओळखलें. बेझनजी हे पूर्वीं रेल्वेच्या मालखात्यांतील अधिकारी. गिरणीचा धंदा त्यांना नवा होता, पण माणूस चिकाटीचा होता. हलकीं यंत्रें काढून उत्तम यंत्रें आणण्यांत आलीं. सूत कातण्याची 'रिंग' पद्धति विलायतेंतील गिरणीवालेही संशयानें पाहत असतां एम्प्रेस गिरणीनें ती स्वीकारली. नागपूरचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेंत धागा ठिसूळ होऊन तुटतो. म्हणून हवेंत ओलावा राखणारीं यंत्रें बसविलीं. त्यांनीं सूतही सुधारलें आणि कामगारांसही गारवा मिळाला. 1886 सालीं कामगारांसाठीं पेन्शन फंड सुरू झाला. गिरणी भरभराटीस आली, तेव्हां त्याच सावकारानें कबूल केलें कीं, ह्या गृहस्थानें माती घालून सोनें काढलें.

येथें कोणी म्हणेल, 'जमशेटजींनीं हें सारें नफ्यासाठींच केलें ना?' होय, नफाही त्यांना हवाच होता. भेद आहे तो क्रमाचा. जो आधीं नफा पाहतो, तो आजचा रुपया घेऊन उद्यांचें गिऱ्हाईक दवडतो. जो आधीं गिऱ्हाईक पाहतो, त्याला नफा थोडा उशिरां, पण टिकाऊ मिळतो.

मात्र गिऱ्हाइकास दुसरें दुकान उपलब्ध असेल, तोंवरच हा नियम चालतो. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याची मागणी वाढली, बाहेरचें कापड येईनासें झालें, आणि कापडाचे भाव अनेक पटींनीं चढले. देशांतील गिरण्यांना अमाप नफा झाला. गरिबास मात्र अंगभर वस्त्र मिळेना. तेव्हां नाराज गिऱ्हाइकानें जावें कोठें? अखेर 1943 सालीं सरकारास सूत व कापड यांचे भाव बांधून द्यावे लागले, आणि गिरणींतून निघणाऱ्या कापडावर किंमत छापण्याची सक्ति झाली. यावरून दिसून येतें कीं, व्यापाऱ्याच्या सदिच्छेस कायद्याचीही जोड लागते. पुढें 24 डिसेंबर 1986 रोजीं ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला व 2019 मध्यें त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. मालाचा दर्जा, वजन, शुद्धता व किंमत जाणून घेण्याचा हक्क आज प्रत्येक ग्राहकास आहे.

याची दुसरी बाजूही विसरूं नये. गिऱ्हाइकाचें समाधान म्हणजे तोटा सोसून माल वांटणें नव्हे. तोटा फार काळ सोसवत नाहीं. एम्प्रेस गिरणीसही तो चुकला नाहीं. 1986 मध्यें ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्यें कायमची बंद पडली. शेंकडों घरांची चूल तिच्यावर चालत होती. तेव्हां नफा हा धंद्याचा श्वास आहे. तो थांबला तर धंदा मरतो. पण मनुष्य श्वासाशिवाय जगत नाहीं म्हणून केवळ श्वास घेण्यासाठींच जगतो, असें कोणी म्हणत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुम्ही गिऱ्हाईक आहां. उद्यां तुमच्यापैकीं कित्येक दुकानदार, कारखानदार किंवा कंपनीचे अधिकारी व्हाल. आज वजन पाहून माल घ्या, पावती मागा, आणि फसवणूक झाल्यास गप्प बसूं नका. उद्यां गादीवर बसाल तेव्हां समोर उभ्या असलेल्या माणसाची भाकरी आपल्या तागडींत आहे, हें लक्षांत ठेवा. पालकांनींही मुलांस हिशेब शिकवितांना बेरीज-वजाबाकीबरोबर एवढें एक गणित अवश्य शिकवावें.