वाऱ्याचा अंदाज वाचताना



कोकणच्या किनाऱ्यावरून लहान होडी घेऊन समुद्रात जाऊ लागलेल्याने होडी हाकण्याइतकेच वाऱ्याचा अंदाज वाचण्याचे शिक्षणही गांभीर्याने घ्यावे. कारण अंदाज वाऱ्याचे आकडे सांगतो, पण त्या वाऱ्यात होडीचा निभाव लागेल की नाही, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

अंदाजात दिलेला वेग हा सरासरी असतो. जमिनीपासून १० मीटर उंचीवरील वाऱ्याची ती काही मिनिटांची सरासरी असून भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाच्या वाऱ्यासाठी ती ३ मिनिटांची धरतो. हा वेग कधी ताशी किलोमीटरमध्ये, तर कधी नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत दिला जातो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, त्यामुळे २० हा आकडा नॉटचा असल्यास वारा ताशी ३७ किलोमीटरचा ठरतो, आणि एकक न पाहता वाचलेला आकडा घात करू शकतो.

सरासरीच्या वर काही सेकंदांपुरता उसळणारा वेग म्हणजे झोत. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यांत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारा आणि ६५ पर्यंत झोत, असा उल्लेख वारंवार येतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ४५ आणि ६५ यांतला फरक दीडपटीहूनही कमी असला, तरी होडीवर पडणारा जोर दुपटीहून अधिक होतो. लाटा मात्र तासन्‌तास टिकून वाहणाऱ्या वाऱ्याने मोठ्या होतात. म्हणून लाटेचा विचार सरासरीवरून आणि होडी कलंडण्याचा विचार झोतावरून करावा.

वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तिकडची मानतात आणि ती उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या क्रमाने अंशांत मोजतात. २७० अंश म्हणजे पश्चिमेचा वारा, ३१५ म्हणजे वायव्येचा. समुद्रप्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो तिकडची सांगतात, हा भेद विसरू नये. पूर्वेच्या वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी शांत दिसते, पण इंजिन बंद पडलेल्या होडीला तोच वारा खोल समुद्राकडे लोटतो. तर पश्चिमेचा वारा ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी बाहेर पडणाऱ्या पाण्याला समोरून भिडला, की तेथे आखूड आणि उभ्या लाटा उठतात.

पावसाळ्याबाहेरच्या निरभ्र दिवसांत रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली, की समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. पहाटे निघणारी होडी परतते ती बहुधा या दुसऱ्या वाऱ्यात, तेव्हा अंदाज निघण्याच्या वेळेबरोबर परतीच्या तासाचाही वाचावा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली अंदाजप्रणाली साधारण ६ किलोमीटरच्या चौकटींत गणित मांडते. कड्याचा आडोसा किंवा खाडीची चिंचोळी वाट अशा चौकटीत विरून जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या बंदरात कोणत्या दिशेचा वारा घातक ठरतो, हे जुन्या तांडेलांना विचारावे आणि अंदाज व प्रत्यक्ष वारा यांची नोंद एका वहीत रोज करत जावी. काही महिन्यांत त्या ठिकाणापुरता दोहोंतला फरक कळू लागतो.

होडीला सोसेल त्या झोताची मर्यादा शांत दिवशी, जमिनीवर बसून, अनुभवी माणसांच्या सल्ल्याने ठरवावी. आणि मासळीचा भाव कितीही चढला, तरी ती निघण्याच्या दिवशी वाढवू नये.